ऑलिव्हची कलमं

ओस्तुनी (इटली), रविवार

प्रिय आई-बाबा,

सा. न.

फोनवर बाबा घाईत होते, म्हणून लिहितेय. काल बारीहून रेल्वेने इथे आले आणि संध्याकाळी एकटीच खालच्या मळ्यांतून चालले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे टेकडीवर चुन्याने रंगवलेलं पांढरं गाव, आणि मध्ये लाल माती नि ऑलिव्हची म्हातारी झाडं. खोडं पिळलेल्या धोतरासारखी. एक आतून इतकं पोकळ की मी त्यात उभी राहिले, आणि वर फळं लगडलेली! एक चावून पाहिलं. आई, कारलं परवडलं.

100 सेंटीमीटरहून जाड खोडाचं झाड इथे 2007 च्या कायद्याने स्मारक ठरतं, परवानगीशिवाय उपटता येत नाही. रोगाला मात्र कायदा कळत नाही. 2013 मध्ये इथून दक्षिणेला गाल्लिपोली गावाजवळ झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो खोडातल्या पाण्याच्या वाटाच बुजवतो, झाड शेंड्याकडून वाळत येतं. आणि बाबा, पसरवतो कोण? आपल्या तुडतुड्यांचाच एक भाऊबंद! त्याची पिल्लं गवतावर फेसात बसतात, म्हणून वसंतात इथे गवत नांगरून टाकतात.

वाटेत एक आजोबा जाळी झटकत होते. माझं इटालियन भाजी आणण्यापुरतं, पण त्यांनी हात धरून दाखवलंच: जुन्या खोडाची फांदी कापलेली, साल नि लाकूड यांच्यामध्ये दोन काड्या खोचलेल्या, पट्टी आवळून वर लेप. लेच्चीनो जातीच्या काड्या. ती जात या रोगापुढे बरीच तग धरते. एका काडीला बोटभर पालवी होती. मी 'कलम, कलम' करत राहिले, ते 'सी, सी'.

तर बाबा, विहिरीवरचा रायवळ आंबा. निसर्ग वादळात त्याचा अर्धा भाग गेला हे खरं, पण वखारवाल्याला इतक्यात हो म्हणू नका. पुढच्या पावसाळ्यात मोडलेल्या बाजूच्या धुमाऱ्यांवर हापूसच्या काड्या बांधून बघू. मी जूनमध्ये येतेय, काड्या मी धरीन, बांधा तुम्ही. विहिरीकडची फांदी मात्र रायवळच राहू दे, नाहीतर आई साठं कशाची घालणार?

आई, गुडघ्याचं तेल संपलं का ते कळव.

तुमची,
ताई