ताई, छोटीचा नंबर चुकला हे तू पाहिलंस

ताई,

तोंडावर आभार मानले की तू विषय बदलतेस. म्हणून इथे, सगळ्यांना दिसेल असं लिहितोय.

फेब्रुवारीतला तो रविवार. गिरगावातली आमची खोली, डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्टीच्या खेळाचा डाव, चटईवर पाच खेळाडू, मध्ये चौकटीच्या वहीची चिकटवलेली पानं आणि त्यावर 11 गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणून मांडलेल्या 11 सुपाऱ्या. तू मावशीकडे आली होतीस, भावाबरोबर सहज डोकावलीस आणि दाराशी बसून राहिलीस. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी होतो. मांडीवरच्या पॅडवर प्रत्येक गॉब्लिनचे 7 हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) खाडाखोड करत कमी करत होतो. कुठली सुपारी म्हणजे कुठला गॉब्लिन, हे तिसऱ्या राउंडलाच माझ्या हातून निसटलं होतं. आमच्या खेळात एक राउंड, म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी, 6 सेकंदांचा. त्या दिवशी पाच राउंड झाले, म्हणजे गोष्टीतलं अर्धं मिनिट. त्याला आम्हाला अडीच तास लागले. डोंबिवलीच्या दोघांनी तर लढाई संपायच्या आधीच चपला घातल्या, कारण त्यांना दादरला गाडी बदलायची होती.

एवढं मलाही दिसत होतं. जे दिसलं नाही ते तुला दिसलं. आमची अकरावीतली छोटी, तिच्या क्लेरिकचा (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं तिचं पात्र) टर्न मी चौथ्या राउंडला घेतलाच नाही. इनिशिएटिव्हच्या, म्हणजे पाळीच्या क्रमाच्या, यादीत तिचं नाव खाडाखोडीखाली गेलं होतं. चाळीस मिनिटं वाट बघून नंबर आला नाही, तरी ती काही बोलली नाही. कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात नक्षी काढत बसली. सगळे गेल्यावर तू एवढंच विचारलंस, "त्या छोटीचा नंबर कधी आला?" मी पॅड चाळलं आणि गप्प झालो. पुढचे दोन रविवार ती आली नाही. परीक्षा आहे म्हणाली.

त्या प्रश्नाने मला झोप लागेना. मग मी जे केलं तेही तुला माहीत आहे. एक मोठं व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे असा खेळ पडद्यावर चालवणारं सॉफ्टवेअर, विकत घेतलं आणि त्यात जे जे आपोआप होऊ शकतं ते सगळं चालू केलं. फासे स्क्रीनवर पडायला लागले, मार आपोआप वजा व्हायला लागला, आणि पाच माणसं एकाच चटईवर बसून आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागली. चूक हिशेबात नव्हती, पण खोलीत आवाजच नव्हता. वीस बाजूंच्या फाशावर वीस आला की आमच्याकडे जी आरोळी उठते, ती त्या दिवशी उठली नाही.

तेव्हा मी तुला फोन केला. तू रात्रपाळी करून आली होतीस, तरी अर्धा तास बोललीस. वॉर्डात ड्युटी बदलताना कुठल्या खाटेवर कोण, कुठलं औषध किती वाजता, हे कोणी डोक्यात ठेवून घरी जात नाही, ते लिहून हवाली करतात, असं म्हणालीस. आणि पेशंटशी बोलायचं काम मात्र कोणी कागदावर सोपवत नाही. मग तू तीनच गोष्टी यंत्राकडे दिल्यास: कोणाचा नंबर, कोणाचे किती हिट पॉइंट्स उरले, आणि कोणावर काय चालू आहे व ते कधी संपणार. "फासे त्यांच्या हातात दे," हे वाक्य तू दोनदा म्हणालीस.

त्यानंतरचे चार रविवार तू माझ्या शेजारी बसलीस. आठवड्याची एकच सुट्टी, ती आमच्या गॉब्लिनांवर घालवलीस. ब्राउझरमध्ये चालणारा एक साधा ट्रॅकर उघडून दिलास. त्यात भरायचे आकडे शोधत फिरायचीही गरज नव्हती. 2023 च्या जानेवारीत खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा 5.1 हा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला, तिथूनच गॉब्लिन, ओगर, सांगाडे सगळे घ्यायला लावलेस. गॉब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, निसटता किंवा लपता येतं, हे मी दर वेळी विसरायचो आणि माझे गॉब्लिन उभ्या उभ्या मार खायचे. तू ते त्यांच्या नावाखालीच एका ओळीत लिहून ठेवलंस.

एक बारीक गोष्ट मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती. नियमाप्रमाणे एकसारख्या राक्षसांसाठी डीएम एकदाच इनिशिएटिव्ह टाकतो, म्हणजे 11 गॉब्लिन ओळीने हल्ला करतात आणि तेवढा वेळ खेळाडू बसून असतात. तू त्यांचे 6 आणि 5 असे दोन गट केलेस, दोन रंगांची टोकनं, दोन वेगळे नंबर. मध्ये खेळाडू आले. बदल केवढासा, पण छोटीचा नंबर पुन्हा त्या गर्दीत हरवला नाही. शिवाय मला मोठ्याने म्हणायची सवय लावलीस, "आता रोग, पुढे क्लेरिक." (रोग म्हणजे चोरपावलांनी वावरणारं पात्र, आजार नव्हे.) पुढे आपण आहोत हे कळलं की माणूस आधीच विचार करून ठेवतो. "थांब हं, मी काय करू" हे निम्म्यावर आलं.

कॉन्सन्ट्रेशनबद्दल तर छोटीच तुझी जास्त ऋणी आहे. तिने तिघांवर ब्लेस हा मदतीचा मंत्र टाकला की तो टिकवायला तिला लक्ष राखावं लागतं. मार बसला की सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, 10 किंवा माराच्या निम्मं, यातलं जे जास्त ते गाठायचं. मी हे कधी विचारायचो, कधी नाही, आणि विचारलं की मुद्दाम तिच्यावर उठल्यासारखं वाटायचं. आता तिला 22 चा मार बसला की ट्रॅकर दाखवतो, 11 हवेत. मागणारा मी राहिलो नाही. मी तिच्याबरोबर श्वास रोखून फाशाकडे बघतो.

आणि टीव्ही! मामाकडचा तो 32 इंची, स्टँड तुटलेला. मी म्हटलं, मॅपचा फोटो लावून आडवा ठेवू. तू इंचपट्टी मागितलीस. पडद्याची रुंदी जवळपास 28 इंच, आडवे पिक्सेल 1366, म्हणजे इंचाला 49. मॅपचा चौकोन 49 पिक्सेलचा केला की पडद्यावर बरोबर एक इंच येतो, आणि खेळात एक इंच म्हणजे 5 फूट. हा हिशेब तू वर्तमानपत्राच्या कडेला केलास, तो तुकडा मी जपून ठेवलाय. 27 चौकोन रुंद, म्हणजे 135 फुटांची गुहा आमच्या चटईवर! खाली दोन लाकडी पट्ट्या, पाठची भोकं दबू नयेत म्हणून. वर ॲक्रिलिकचा पत्रा, चहाचा कप कलंडला तरी चालेल म्हणून. केबल आपण चालत जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणली. मॅप आउलबेअर रोडिओ या ब्राउझरमधल्या ॲपमध्ये, लॅपटॉपवर माझी खिडकी आणि टीव्हीवर खेळाडूंची, न पाहिलेला भाग धुक्याखाली झाकलेला.

पहिला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, पडला तेव्हा तू होतीस. 20 फूट त्रिज्या, म्हणजे मधल्या बिंदूपासून चारही बाजूंना 4 चौकोन. पूर्वी यावर आमची पंधरा मिनिटं भांडणं व्हायची, तो ओगर आत की बाहेर. त्या दिवशी वर्तुळ पडद्यावर उमटलं, ओगर आत होता, आपला क्लेरिकही आत होता, आणि सगळी खोली विझार्डकडे, म्हणजे मंत्र टाकणाऱ्याकडे, बघायला लागली. टाकायचं का? टाकला. आठ फासे ॲक्रिलिकवर खडखडले. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, काय पडलं.

आमच्यातल्या एकाला अजूनही वाटतं की लॅपटॉप आला आणि खेळाची मजा गेली. त्याचं म्हणणं मी मनावर घेतो, कारण मार्चमधली ती मुकी खोली मीही पाहिली आहे. पण गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ आणला तोच मुळी मॉडेलच्या सैनिकांच्या युद्धखेळांतून, आणि त्या खेळांत अंतरं मोजणं, आकडे मांडणं होतंच. नोंद कशावर ठेवायची तेवढं बदललं. डीएमने मान वर करून कोणाकडे बघावं, हे तू मला दाखवलंस, आणि त्यासाठी माझं पॅड काढून घ्यावं लागलं.

जुलैत सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, डोंबिवलीकर घरीच अडकले. मी लिंक पाठवली, तोच मॅप, तीच टोकनं. फासे त्यांनी घरीच टाकले आणि आकडा सांगितला. कोणी तपासला नाही.

छोटी परत आली हे तुला तुझ्या भावाने सांगितलंच असेल. त्याने हे सांगितलं नसेल: गेल्या रविवारी मी राक्षसांचे आवाज काढत असताना ट्रॅकर तिच्याकडे दिला होता. दुसऱ्या राउंडला तिने मला थांबवलं. "दादा, पलादिन राहिला." खरंच राहिला होता. मी त्याची माफी मागितली आणि त्याचा टर्न घेतला.

तुझी पुढच्या महिन्याची ड्युटी लागली की कळव. रविवार मोकळा असेल तर या वेळी शेजारी बसू नकोस, खेळायला ये. कॅरेक्टर शीट छोटीने भरून ठेवलीय, कोपऱ्यात नक्षीसकट.

तुझा,
गिरगावच्या खोलीतला डीएम