लाल इंजेक्शन आणि तुझं पार्सल

प्रिय मन्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा मिळालं, बाबा दांडिया बाजारातून भाजी घेऊन येत होते तर कुरिअरवाला खालीच भेटला. व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी आणि ती तिसरी मोठी बाटली. काळजीपोटी पाठवलंस हे कळतं रे मला, पण मी एकही उघडलेली नाही, आणि का ते फोनवर सांगायला लागले की तू मधेच तोडतोस म्हणून लिहितेय, शेवटपर्यंत वाच.

आधी तो आकडा, हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो. पहिल्या केमोच्या आधी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, 62 होता, तिसऱ्यानंतर 58 आला आणि तू घाबरलास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा फरक एकाच माणसाचा दोनदा इको केला तरी पडतो, 10 अंकांनी खाली येऊन 50 च्या आत गेला तर आम्ही काळजी करतो.

पण तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ते लाल इंजेक्शन, डॉक्सोरुबिसिन, सिस्टर हळूहळू शिरेत सोडते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीसुद्धा लाल होते, ते कॅन्सरच्या पेशी मारतं तसंच हृदयाच्या पेशीतही शिरतं. हृदयाची पेशी म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रिया, पेशीची वीजघरंच, दिवसाला लाखभर ठोके द्यायचे तर तेवढी वीज लागणारच. हे औषध तिथे एक इलेक्ट्रॉन उचलतं, तो ऑक्सिजनला देऊन टाकतं, स्वतः पुन्हा जसंच्या तसं होतं आणि परत तेच करतं, म्हणजे एकच रेणू कितीतरी वेळा सुपरऑक्साइड, म्हणजे पेशीला इजा करणारा ऑक्सिडंट, तयार करत बसतो, त्यात पेशीतलं लोह मिसळलं की आणखी जहाल काहीतरी बनतं. लिव्हरकडे हे निस्तरायला कॅटालेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, हृदयाकडे फारच कमी. एवढी वर्षं मुलांना पेशी शिकवली पण हे आता स्वतःच्या छातीवर हात ठेवून वाचलं.

आणि या पेशी परत येत नाहीत, निदान पुरेशा येत नाहीत. 1950-60 च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत जो कार्बन-14 वाढला त्यावरून स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला शंभरातली एक बदलते, पंचाहत्तरीत अर्धीसुद्धा नाही. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आजीचं हृदय नव्वदीपर्यंत चाललं त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी जन्मापासूनच्याच असणार.

म्हणून तुला वाटणारच की बाहेरून अँटीऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडंटला शमवणारी ही व्हिटॅमिन्स, ओतली की झालं. तसंच सगळ्यांना वाटलं होतं. ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ई, सी आणि बीटा कॅरोटिन देऊन बघितलं, 2002 साली निकाल आला, रक्तातली व्हिटॅमिन्स वाढली पण हार्ट अॅटॅक काही कमी झाले नाहीत. कारण मला पटलं ते असं, की हा ऑक्सिडंट जिथे तयार होतो तिथेच क्षणात चावतो, रक्तातली गोळी तिथवर वेळेवर पोचतच नाही. शिवाय थोडा त्रास पेशीला हवाच असतो. एनआरएफ-टू नावाचं एक प्रोटीन एरवी बांधून ठेवलेलं असतं, ऑक्सिडंट वाढले की सुटतं, केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोनसारखी घरचीच औषधं बनवायला लावतं. जर्मनीत 2009 मध्ये तरुण मुलांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, ज्यांना रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 400 युनिट ई दिलं त्यांच्यात व्यायामाने वाढायला हवी होती ती संरक्षक एन्झाइम्स वाढलीच नाहीत! म्हणून मी सकाळी बाबांबरोबर कमाटीबागेत चालते, आणि पांढऱ्या पेशी कमी असतात त्या आठवड्यात गर्दी नको म्हणून गच्चीवरच फेऱ्या मारते.

दुसरं म्हणजे, केमो चालू असताना हे घेऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, ऑक्सिडंटचा तडाखा थोडा कॅन्सरच्या पेशींनाही बसत असतो, तो आपणच बोथट का करायचा. समोरच्या मासी अर्जुनसालीचा काढा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही हेच सांगितलं, त्यांना वाईट वाटलं असेल पण मी घेतला नाही.

खरं संरक्षण डोस मोजण्यात आहे. माझे चार मिळून शरीराच्या दर चौरस मीटरला 240 मिलिग्रॅम होतील, धोका भराभर वाढतो तो 400 च्या पुढे, 550 ला चारातल्या एकाचं हृदय कमजोर होतं. लोह पकडून ठेवणारं डेक्सराझोक्सेन नावाचं औषध आहे, ते मी विचारलं, एवढ्या डोसला गरज नाही म्हणाल्या. बीपीची गोळी मात्र रोज, आणि तीन महिन्यांनी परत इको.

चौथा मंगळवारी आहे, सकाळी आधी रक्त तपासतील मग बसवतील, दुपारी दोनपर्यंत तरी फोन करू नकोस, मी झोपलेली असेन, बाबांना कर. बाटल्या बाबांच्या कपाटात ठेवल्यात, सील तसंच आहे, परत घेतात का ते तू बघ, बिल तुझ्याकडेच आहे.

तुझी
आई