अजगराचं बीळ दाखवणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचा नातू हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं नाव आणि पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्र्यंबकच्या पलीकडचे डोंगर, एवढंच पुरे. अजगराच्या चरबीला आणि कातड्याला आजही गिऱ्हाईक आहे, आणि जागा एकदा चारचौघांत फुटली की आवरता येत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी तशी अट घातली होती. ती आम्ही पाळतोय.

आम्ही नाशिकची काही मंडळी, नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी अजगर शोधत फिरतो. एकेकाळी या पट्ट्यात तो सहज दिसायचा, असं जुनी माणसं सांगतात. हल्ली दिसतो तो रस्त्यावर चिरडलेला, नाहीतर कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घेतलंय, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसवलंय. पण उतारावर जेसीबी फिरला, प्लॉट पडले की बीळ बुजतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. अजगर मारला तर गुन्हा. त्याचं घर बुजवलं तर कुणी विचारत नाही. मला याचाच जास्त राग येतो.

अजगर स्वतः बीळ खणत नाही, साळिंदराने खणलेल्या बिळात राहतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. एस. भूपती यांनी अजगरांचा बारकाईने अभ्यास केला होता, तो आम्ही वाचला होता. पण आपल्या डोंगरातलं कुठलं बीळ नांदतं आणि कुठलं ओस पडलंय, हे भरतपूरच्या अभ्यासात कुठून असणार? ते तुम्हाला ठाऊक होतं.

करवंदीच्या जाळीखालच्या त्या पहिल्या बिळापाशी तुम्ही मोळी उतरवलीत, खाली वाकलात आणि तोंडावरचं कोळिष्टक दाखवलंत. “हे रिकामं.” पुढच्या बिळापाशी कोळिष्टक नव्हतं. उंबरठ्याची माती घासून गुळगुळीत झालेली, बाजूला साळिंदराचे काळे-पांढरे काटे आणि कुरतडलेलं एक हाड. आणि मातीत हातभर रुंद नसेल, पण वीतभर तरी रुंद अशी एक रेघ, कुणी धान्याचं पोतं ओढत नेल्यासारखी सरळ. बाकीचे साप नागमोडी जातात. जाडजूड अजगर सावकाश निघाला की पोटाचे खवले पुढे रेटत सरळ सरकतो, त्याची ही खूण. आम्ही मोजपट्टी काढेपर्यंत तुम्ही पुढच्या उताराला लागला होतात.

थंडीत दुपारी या, असंही तुम्हीच सांगितलंत. अजगराचं रक्त थंड. कडाक्याच्या थंडीत ऊन खाल्ल्याशिवाय त्याला गिळलेलं पचवता येत नाही. जानेवारीत ऊन चढल्यावर आम्ही समोरच्या टेकाडावरून दुर्बीण लावून बसलो. तो बिळाबाहेर कातळावर पसरलेला होता, अंगावरचे तपकिरी ठिपके वाळल्या पाचोळ्यात इतके मिसळलेले, की तुम्ही बोट दाखवलंत तरी मला डोकं सापडेना. तुम्ही मात्र दुर्बिणीला हातही लावला नाहीत.

पण खरे आभार मानायचेत ते पावसाळ्याच्या तोंडाशी तुम्ही दाखवलेल्या कपारीसाठी. एक म्हातारा अजगर दिसला म्हणजे अजगर टिकलेत असं होत नाही. तो शेवटचाही असू शकतो. पिल्लं होतायत का, हा आमचा प्रश्न होता. कपारीत अंड्यांची रिकामी टरफलं होती, पांढुरकी, चामड्यासारखी मऊ, टोकाला ब्लेडने कापावं तशी चिरलेली. पिल्लू तोंडावरच्या अंडदाताने कवच आतून असंच चिरतं. म्हणजे एका मादीने इथे अंड्यांभोवती वेटोळं घातलं होतं. भारतीय अजगराची मादी साधारण दोन महिने अशी बसते आणि थंडावा वाढला की अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. त्या दिवशी आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्ही पाहिलंत की नाही कोण जाणे.

हे सगळं दाखवताना तुमच्या मनात भीती होती, तीही तुम्ही लपवली नाहीत: साहेब लोक येतील, गुरं चारायला बंदी करतील. तरी दाखवलंत. म्हणून वनविभागाकडे जी नोंद दिली, ती तुमच्या ओट्यावर बसून, एकेक ओळ तुम्हाला वाचून दाखवूनच दिली. चराईवर गदा यावी असं त्यात एक अक्षर नाही.

आणि पाड्यावर जे बोललात, ते आम्हाला कधीच जमलं नसतं. साळिंदराच्या मटणासाठी बिळात धूर कोंडतात, तेव्हा आत अजगर असेल तर तोही गुदमरून मरतो. तुम्ही घरच्याच पोरांना अडवलंत. भाऊबंदांशी वाद ओढवून घेतलात. आम्ही शहरातून येऊन हेच सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?

आता काळजी वणव्याची. अजगरीण अंडी घालते ती उन्हाळ्यात, आणि डोंगरातलं गवत पेटतं तेही तेव्हाच. अंडी सोडून ती सहसा हलत नाही. कपारीच्या वरच्या अंगाला जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायची असं आपलं ठरलंय. संक्रांतीनंतर आम्ही येतो. कोयते, पाणी, भाकरी आमची आम्ही आणू. तुम्ही फक्त रेषा कुठून कुठवर काढायची ते दाखवा, आणि बाजाराचा दिवस सोडून कुठला वार सोयीचा ते नातवाकरवी कळवा.

तुमचे,
नाशिकचे अजगरवाले