दानाची वाकळ देखणी नको, धुण्याजोगी हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महिला मंडळे किंवा बचत गट दानासाठी वाकळा, म्हणजे जुन्या कापडाच्या थरांच्या गोधड्या, शिवण्याचे आव्हान घेतात, तेव्हा प्रत्येकीला एकाच कापडाचा तुकडा देतात, मुदत ठरवतात आणि शेवटी सगळ्या वाकळा मांडून सर्वांत देखणीला बक्षीस देतात. उपक्रम चांगला आहे, कसोटी चुकीची आहे. ही वाकळ पूरग्रस्तांच्या छावणीत, ऊसतोड मजुरांच्या खोपीत किंवा दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या नातेवाइकांकडे जाणार. ती बादलीत बुडेल का, दोघींना पिळता येईल का, ढगाळ दिवसांत वाळेल का, हे आधी बघावे. म्हणून आमचा आग्रह पाच थरांचा. घरच्या वापराला सात-आठ थरांची जड वाकळ छानच. पण श्रावणात ती लवकर वाळत नाही आणि एकदा कुबट वास धरला की जाता जात नाही.

मापाचे गणित सोपे आहे. नऊवारी लुगडे 324 इंच. चार तुकडे केले की प्रत्येक 81 इंचांचा, म्हणजे पावणेसात फूट. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून 81 इंचांचे दोन तुकडे निघतात आणि 54 इंच उरतात. लुगड्याचे चार आणि साडीचा एक, झाले पाच थर. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 45 इंच असतो, तो मोठ्या माणसाला पांघरायला अपुरा पडतो. म्हणून साडीच्या दुसऱ्या तुकड्याच्या नऊ-नऊ इंचांच्या पाच उभ्या पट्ट्या काढून प्रत्येक थराला एक जोडायची. जोड एका थराला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे. सगळे जोड एकाच बाजूला आले तर तिथे कडक वरंबा उठतो, सुई जात नाही आणि झोपणाऱ्याला तो रात्रभर टोचतो. उरलेल्या तुकड्यातून तीन इंच रुंदीच्या सहा पट्ट्या निघतात, त्यात चारही बाजूंचा 270 इंचांचा गोट बसतो. सुती लुगडे नसेल तर तीन साड्या घ्याव्यात: सहा मोठे तुकडे, त्यांतले पाच थराला, एक पट्ट्यांना. उरलेल्या तीन तुकड्यांपैकी एकाचा गोट आणि दोहोंचे तान्ह्या बाळासाठी दुपटे. अशी वाकळ दीड किलोच्या आसपास भरते.

कापड सुतीच हवे. शंका असेल तर दोन-चार धागे ओढून काडीने पेटवावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरडणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक काळी गुठळी होते. खोपीत चूल हातभर अंतरावर असते, तिथे वितळणारे पांघरूण कुणाच्या अंगावर नको. शिवाय गुळगुळीत साडी थरात सरकते आणि घामही टिपत नाही. रंगाची परीक्षा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून करावी. मिठाच्या पाण्यात बुडवले की कच्चा रंग पक्का होतो, हा गैरसमज आहे. लाल किंवा निळा उतरत असेल तर ते कापड बाजूला ठेवलेले बरे. जरीचे काठ, टिकल्या, हुक आधीच उसवून टाकावेत.

आव्हानासाठी वाटायचे कापड मंडळाने धुऊनच द्यावे. इचलकरंजीचे कोरे ग्रे कापड स्वस्त पडते, पण त्याला खळ असते. ती गरम पाण्यात साबणाने धुऊन काढली नाही तर सुई अडते आणि किडीला आयते खाद्य मिळते. कोरे कापड पाच टक्के आटले तरी 81 इंचांत चार इंच गेले. जुने थर आहेत तिथेच राहतात आणि पहिल्याच धुण्यात अख्खी वाकळ सुरकुतते.

थर मांडण्याआधी प्रत्येक तुकडा उजेडात धरून बघावा. धड कापड वर आणि खाली, विरलेले मध्ये. खालचा थर फरशीवर पसरून कडांवर पाट किंवा वरवंटा ठेवावा. कापड ताठ असावे, ताणलेले नको. प्रत्येक थर हाताने मधून बाहेर सारखा करावा. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके, तेही मध्यापासून काठाकडे. घाई इथेच होते आणि वाकळ बिघडते ती इथेच. शिवण काठापासून आत जाते, त्यामुळे सैल राहिलेले कापड पुढे ढकलले जाते आणि शेवटच्या फेऱ्यांत मधोमध फुगा येतो. तो दडपून शिवला तर चुणी कायमची राहते. उसवण्याखेरीज इलाज नाही.

पक्का धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत एक इंच अंतर. या मापाच्या वाकळेला एकेरी दोरा सव्वाशे ते दीडशे मीटर लागतो, तेवढा सुरुवातीलाच एका रंगाचा घ्यावा. दोरा सुती, मेण लावलेला. सुईत दीड हातापेक्षा लांब ओवला की गुंततो. नायलॉनचा दोरा तुटत नाही, हाच त्याचा दोष: ताण आला की जुने कापड टाक्याशी फाटते. दाभण तर नकोच, त्याने पडलेली भोके बुजत नाहीत. गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी. ओळी दोन-दोन इंचांवर नेल्या तर काम निम्मे होते हे खरे, पण काही धुण्यांत आतले विरलेले थर गोळा होतात.

मशीनवर शिवायला आमची हरकत नाही. मात्र साध्या मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात, वरचा मागे राहतो आणि ओळीच्या टोकाला चुण्या पडतात. वरचा थरही सोबत पुढे नेणारा ‘वॉकिंग फूट’ मशीनला लावावा, सुई 16 नंबरची, टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा.

परीक्षकांनी वाकळ उलटी करून पाहावी, दोन्ही हातांनी धरून झटकावी आणि शक्य असेल तर एकदा धुऊन मगच गुण द्यावेत. नक्षीला गुण असावेत, पण थोडे.

मुदतीचेही तेच. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घरांत शिरले. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडल्यावर वाकळ शिवायला घेऊन उपयोग नाही. पुरासाठीच्या वाकळा मृगाच्या आधी, मे अखेर तयार हव्यात. ऊसतोड मजुरांसाठीच्या दिवाळीपर्यंत. उन्हाळ्यात शिवलेली वाकळ दोन कडक उन्हे दाखवून, पूर्ण गार झाल्यावर सुती पिशवीत भरावी. प्लॅस्टिकमध्ये राहिलेली ओल बुरशी धरते. पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल, डांबरगोळ्या नकोत. त्या तान्ह्या मुलांना अपायकारक असतात आणि दुपटी त्याच गठ्ठ्यात असतात. कोपऱ्यात शिवलेल्या फडक्यावर पक्क्या शाईने माप, थर आणि ‘गार पाण्यात धुवा’ एवढे लिहावे. शिवणारीचे नाव तिथे नसले तरी चालेल.

– वाकळा शिवणाऱ्या काही जणी, शिवाजी पेठ, कोल्हापूर