पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाऊस लागला की चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी भागातल्या शेततळ्यांत पिशव्यांतून आणलेले मत्स्यबीज (माशांची पिले) सोडायची घाई उडते. थाई मांगूर या परदेशी माशावर 2000 सालापासून बंदी आहे, हे बहुतेकांना माहीत असते. माशाच्या अंगावर आणि पोटात बसून कोण आले, हे मात्र कुणी बघत नाही.

गवत्या मासा (ग्रास कार्प) 1959 मध्ये हाँगकाँगहून भारतात आणला गेला. त्याच्या आतड्यातला पट्टकृमी मूळचा पूर्व आशियातला. गवत्याच्या बीजाबरोबर तो युरोप-अमेरिकेपर्यंत पोचला. कृमीची अळी सायक्लॉप्स हा पाण्यातला सूक्ष्म जीव गिळतो, त्या सायक्लॉप्सला बोटुकली (बोटाएवढे माशाचे पिलू) खाते आणि तिच्या पोटात कृमी वाढतो. नारूच्या दिवसांत जुन्या माणसांनी ज्याचे नाव ऐकले, तोच हा सायक्लॉप्स. तो इथल्या तळ्यांत आधीपासून आहेच, त्यामुळे कृमी घेऊन एक मासा आला तरी पुरते. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि शोभेचे गोल्डफिश अँकर वर्म हा मांसात रुतणारा परजीवी आणतात. माशाच्या अंगातून दोऱ्यासारखे टोक बाहेर दिसते. पण कोवळ्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्या पिशवीतल्या पाण्यात पोहत असतात.

चूक नेमकी इथे होते. तापमान जुळावे म्हणून पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवतात, ते बरोबर. मग तोंड सोडून पाण्यासकट उलटी करतात. तसे न करता बोटुकली जाळीत गाळून घ्यावी. 10 लिटर पाण्यात 250 ग्रॅम जाडे मीठ विरघळवून त्यात एक-दोन मिनिटे बुडवावी. मासे कलंडू लागले तर लगेच काढावे. मिठाने कातडीवरचे सूक्ष्म परजीवी बरेच कमी होतात. मांसात रुतलेला अँकर वर्म किंवा पोटातला कृमी मरत नाही. त्यासाठी बीज निदान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोज पाहावे. अँकर वर्मचे जीवनचक्र उबदार पाण्यात साधारण तेवढ्यात पुरे होते, त्यामुळे लपलेला असला तर तोवर दिसतो. पट्टकृमीची खात्री मात्र एखादी बोटुकली चिरून आतडे तपासल्याशिवाय होत नाही.

पिशवीतले पाणी ओढ्यात नको. उसाच्या सरीत ओतावे, पण ती सरी तळ्याकडे उतरणारी नसावी. 2019 च्या पुरासारखे कृष्णा-दूधगंगेचे पाणी शेतात शिरले, तर तळ्यातले सगळेच नदीला मिळते.

आणि जाळे. माशांची ऊ (माशाच्या अंगाला चिकटणारा परजीवी) दगड, लाकूड अशा टणक वस्तूंवर अंडी चिकटवते, आणि ओल्या जाळ्यात अडकलेल्या काटक्यांबरोबर ती दुसऱ्या तळ्यात जाते. उन्हाळ्यात जाळे झटकून कडक उन्हात वाळवले की काम होते. श्रावणात आपल्याकडे ते वाळतच नाही, तेव्हा प्रत्येक तळ्याला वेगळे जाळे ठेवावे.

– मत्स्यपालनातील काही वाचक, निपाणी