काका, त्या दिवशी तुम्ही आलात म्हणून

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र नुसतं तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण वडीलधाऱ्यांच्या मागे कपाटात एखादं जुनं हत्यार सापडलेली आणखीही घरं इकडे अमेरिकेत असतील, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय.

सासरे गेले आणि त्यांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली दोन रिव्हॉल्व्हर निघाली. एक अमेरिकन बनावटीचं कोल्ट, एक ब्रिटिश बनावटीचं वेब्ली. सासूबाईंना ती घरात नकोच होती. एका दुकानदाराने कोल्ट उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "एकाही भागाचा नंबर दुसऱ्याशी जुळत नाही. सुट्या भागांची जोडाजोड आहे. चारशे डॉलर देतो." सासूबाई तयारही झाल्या. मला वाटलं, निदान गंज तरी काढू, थोडे जास्त मिळतील. स्टील वूल आणि तेलाची बाटली टेबलावर मांडूनच मी तुम्हाला फोन केला होता, कोणतं तेल चांगलं हे विचारायला. मंडळाच्या गणपतीत एकदा जेवताना तुम्ही कोल्टच्या कारखान्याबद्दल बोलला होता, तेवढीच आपली ओळख.

"रिकामं आहे का ते आधी बघ. आणि त्याला काहीही लावू नकोस, मी येतो," एवढंच तुम्ही म्हणालात. आणि त्या बर्फात खरंच आलात.

तुम्ही बाजूची खिटी उघडून सिलिंडर एकेक घर फिरवत सहाही घरं स्वतः पाहिलीत. मग तासभर किमतीचं नावही काढलं नाहीत. बॅरल मोजलीत, साडेपाच इंच. फ्रेमवरचा 'यू. एस.' शिक्का भिंगाखाली धरलात आणि मलाही बघायला लावलंत. शिक्का नंतर कुणी ठोकला असेल तर अक्षरांच्या कडेला धातू वर उचललेला लागतो. घासून पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, केलं असेल तर अक्षरं बोथट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. आमच्या कोल्टच्या कडा जशाच्या तशा होत्या. तो तपकिरी थर, जो मी अर्ध्या तासात उतरवणार होतो, तो शंभर वर्षांचा होता.

नंतर तुम्ही दिवे मालवलेत आणि टॉर्च मुठीच्या लाकडावर अगदी आडवी धरलीत. अक्रोडाच्या त्या गुळगुळीत लाकडात हळूहळू तीन अक्षरं दिसायला लागली: आर. ए. सी. रिनाल्डो ए. कार, लष्कराचा तपासनीस. सिलिंडरवर मात्र डी. एफ. सी., म्हणजे १८८० च्या दशकातला डेव्हिड एफ. क्लार्क. एकाच रिव्हॉल्व्हरवर दोन काळांतले दोन तपासनीस. तुमचा चेहरा तेव्हाच खुलला होता, काका.

मग तुम्ही सासूबाईंना समजावलंत ते मी इथे लिहून ठेवतो. कोल्टचं 'सिंगल ॲक्शन आर्मी' १८७३ पासूनचं. १८९१ पर्यंत अमेरिकन सरकारने साधारण ३७ हजार विकत घेतली, घोडदळासाठी, साडेसात इंची बॅरलची. १८९२ मध्ये लष्कराने .३८ चं, म्हणजे लहान गोळीचं, नवं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. १८९५ पासून जुन्यांतली हजारो परत बोलावून बॅरल साडेपाच इंचांवर कापल्या. त्या कामात बहुतेक खोलून भाग एकत्र टाकले आणि हाताला येईल तो भाग बसवत पुन्हा जोडली. हीच 'आर्टिलरी', म्हणजे तोफखान्याची, मॉडेलं. फिलिपिन्समधल्या लढाईत .३८ ची गोळी कमी पडते असं दिसल्यावर त्यांना पुन्हा मागणी आली. दुसऱ्या कुठल्याही कोल्टमध्ये न जुळणारे नंबर म्हणजे किंमत पडलीच. इथे मात्र ते न जुळणं हाच अस्सलपणाचा भाग. यांनाच लांब बॅरल बसवून घोडदळाची म्हणून विकणारेही आहेत, कारण कस्टर या प्रसिद्ध अमेरिकन सेनाधिकाऱ्याच्या सातव्या घोडदळाशी नंबर भिडला की आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणूनच तुम्ही म्हणालात, गोष्ट विकत घेऊ नका, वस्तू विकत घ्या.

कोल्टच्या दप्तरातून दाखला मागवा असं सांगतानाच, तो फक्त फ्रेमच्या नंबरापुरता बोलेल, बाकीच्या भागांबद्दल नाही, हेही तुम्ही बजावलंत. १८९८ पर्यंतची फ्रेम केंद्रीय कायद्याने 'अँटिक' ठरते, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात, तेही विचारून घ्यायला लावलंत. आणि ही बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातली फ्रेम आहे, गंमत म्हणूनसुद्धा हिच्यातून आजची गोळी उडवायची नाही, हे तर तीनदा.

वेब्लीबद्दल तुम्ही वाईट बातमीही सरळ दिलीत. मॉडेल मार्क सहा, फ्रेमवर साल १९१७. मूळचं .४५५ चं, पण इथे विकताना .४५ एसीपी ही अमेरिकन पिस्तुलाची गोळी बसावी म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासलेली. किंमत तिथेच निम्म्यावर येते, शिवाय त्या गोळीचा दाब या रिव्हॉल्व्हरला झेपणारा नाही. सासरे ते उडवत असत हे ऐकून तुम्ही डोळे मिटून घेतलेत. थोड्या वेळाने म्हणालात, "आमचे आजोबा ११७ मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धातल्या कूतच्या वेढ्यात. साहेबांच्या कमरेला वेब्लीच असायचं. मी पहिल्यांदाच हातात घेतोय." साताऱ्याकडचा एक शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेला आणि त्याचा नातू कनेक्टिकटमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून हे सांगत होता. सासूबाईंना मराठी कळत नाही. तरी त्या उठून तुमच्यासाठी पुन्हा कॉफी करायला गेल्या.

दाखला आलाय, काका. फ्रेम १८८३ ची, सरकारलाच विकलेली. कोल्ट लिलावात दुकानदाराच्या आकड्याच्या दहापटीला गेलं. ती रक्कम सासऱ्यांच्या आजारपणात झालेल्या कर्जात भरली आणि सासूबाईंचं घर राहिलं. तुम्ही पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

वेब्ली आम्ही विकलं नाही. इथल्या कायद्याप्रमाणे कागदपत्रं करून ते तुमच्या नावावर करायचं, असं सासूबाईंनीच ठरवलंय. त्यांनी ते त्याच फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवलंय. नाही म्हणू नका.

तुमचा,
हार्टफर्डजवळचा एक जावई