दार्जिलिंगला येताना डबा आणू नका

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

दिवाळीची तिकिटं काढलीत हे ऐकून जीव हरखला. पण त्यापुढे आईने दशम्या, मेतकूट, मुगाच्या डाळीची पिशवी अशी जी यादी वाचून दाखवली, तिचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र लिहिते आहे. डबा आणू नका. खरंच नको.

मनालीच्या सहलीत तुमच्या बसबरोबर आचारी होता, आणि रोज रात्री ताटात वरण-भात-भाजी पडायची. त्यात गैर काहीच नव्हतं. चाळीस माणसांची पोटं सांभाळायची तर तेच शहाणपणाचं. पण या वेळी तुम्ही सहलीला येत नाही, माझ्या घरी येताय. आई, तू रोज रात्री विचारतेस, "काय जेवलीस?" मी सांगते त्यातले निम्मे पदार्थ तुझ्या ओळखीचे नसतात, आणि तुला वाटत राहतं की पोरगी उपाशीच निजते. या शहराने मला फार मायेने खाऊ घातलंय. ती टेबलं, त्या खिडक्या, वाढणारे ते हात तुम्ही एकदा डोळ्यांनी बघावेत एवढंच माझ्या मनात आहे.

आधी तब्येतीचं. गाव सुमारे २,०४५ मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीचा सहसा त्रास होत नाही, पण चढ लागला की धाप लागते. म्हणून मी सगळ्या जागा आईच्या गुडघ्याच्या हिशेबाने निवडल्यात. क्लबसाइडच्या टॅक्सी थांब्यापासून चौरस्त्यापर्यंत, म्हणजे गावातल्या मोकळ्या चौकापर्यंत, नेहरू रोडने चालत जायचं. चढ आहे, पण अंगावर येणारा नाही, आणि चौरस्त्यावर गाड्या येत नाहीत. तिथे बसायला भरपूर बाक आहेत. समोर भानुभक्तांचा पुतळा आहे. ज्यांनी रामायण नेपाळीत आणलं, ते कवी. आई, तुला तिथे बसायला नक्की आवडेल. पाहिजे तितका वेळ बस, घाई नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण देशाच्या पूर्वेला आहोत आणि घड्याळ सगळीकडे एकच. त्यामुळे कार्तिकात इथे पाचच्या आत सूर्य मावळतो, आणि बाजारही लवकर मिटतो. रात्री साडेनऊला जेवायची बाबांची सवय आठवडाभर बाजूला ठेवावी लागेल. सातला जेवायचं, नऊला रजईत. साखरेच्या दृष्टीनेही ते बरंच.

सकाळी पहिल्यांदा ग्लेनरीजला जाऊ. नेहरू रोडवरची ही जुनी बेकरी इंग्रजांच्या काळात एका इटालियन मिठाईवाल्याच्या नावाने चालायची. दुकान उघडतानाच पोहोचायचं, कारण नंतर खिडकीजवळचं टेबल मिळत नाही. त्या खिडकीतून खाली दरी दिसते, आणि आभाळ स्वच्छ असेल तर समोर कांचनजंगा. ८,५८६ मीटर, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. पावसाळा संपल्यावर हवा धुतल्यासारखी होते, त्यामुळे तुमच्या दिवसांत दिसण्याची आशा खूप आहे. बाबांसाठी टोस्ट आणि बिनसाखरेचा चहा, आईला ॲपल पाय. आई, त्यात दालचिनी असते.

समोरच्या बाजूला थोडं खाली केव्हेंटर्स. १९११ पासूनची ही जागा वरच्या गच्चीसाठी प्रसिद्ध आहे. पाहुणे येतात ते डुकराच्या मांसाची सॉसेजेस आणि हॅम खायला, त्यामुळे आईला तिथे खाण्यासारखं फारसं नाही. शिवाय गच्चीवर जायचा जिना अरुंद आहे. तरी एका दुपारी हळूहळू चढू. गच्चीवरून अर्धं गाव पायाखाली दिसतं, आणि गार वाऱ्यात हातात गरम चॉकलेटचा कप धरून बसण्याचं सुख वेगळंच आहे. खाण्यासाठी मात्र मी तुम्हाला तिथे नेणार नाही.

माझं मन रमतं ते कुंगामध्ये. गांधी रोडवर, क्लबसाइडजवळ, लाकडी भिंतींची एवढीशी खोली. तिबेटी घराण्याचं हॉटेल. मोजकी टेबलं, त्यामुळे कधी बाहेर थांबावं लागतं, कधी अनोळखी लोकांच्या टेबलावर जागा करून घ्यावी लागते. तिथलं थेंथुक मागवायचं. कणीक मळून पट्टी लांबवतात, ती बोटांनी चिमटीचिमटीने तोडून थेट उकळत्या रश्शात टाकतात. तुकडे सारखे नसतात. एखादा जाड, एखादा इतका पातळ की रश्शात तरंगतो. वर पालेभाजी, मुळा, आलं. आईसाठी बिनमांसाचं सांगता येतं. बाबा, तुमच्या कवळीला यात कसलीच अडचण नाही. थंडीने बोटं बधिर झालेली असताना तो वाडगा दोन्ही हातांत धरला की निम्मं जेवण तिथेच होतं. मला पहिल्या हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हा शेजारच्या काकूंनी असलंच काहीतरी घरी करून आणलं होतं. मिरपूड जास्त घातलेलं. आई, तेव्हा तुला सांगितलं नव्हतं, तू लगेच निघाली असतीस.

मोमो तर खालच-खाल. पण बाबा, पारी मैद्याची असते, तेव्हा तुमच्यासाठी एका प्लेटमधले चारच, बाकीचे मी आणि आई. सोबतची चटणी जपून घ्या. इथली डल्ले खुर्सानी नावाची मिरची बोराएवढी गोल आणि लालबुंद असते. वासाला मोहक, पण ठेचा खाऊन वाढलेल्या माणसालाही घाम फोडते. आई, तुला ती आवडणार. लोणचं घालायला घेऊन जा.

घरच्यासारखं जेवायची इच्छा झाली की इथल्या पेनांग नावाच्या हॉटेलात नेपाळी थाळी घेऊ. भात, डाळ, रायोचं साग म्हणजे मोहरीच्या जातीची पालेभाजी, आणि लोणचं. गुंद्रुक मिळालं तर नक्की घ्या. पालेभाजी आंबवून उन्हात वाळवतात आणि वर्षभर त्याचं आंबट सार करतात. डोंगरात हिवाळ्याची बेगमी अशीच असते. किनेमा मात्र आईने आधी वासावरून ठरवावं. आंबवलेलं सोयाबीन आहे, वास उग्र असतो. मी आवडीने खाते. आणि अगदीच डोसा किंवा साधं शाकाहारी ताट पाहिजे झालं तर नेहरू रोडवर हेस्टी टेस्टी आहेच. म्हणजे उपाशी राहण्याची सोयच नाही!

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. इथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. हवेचा दाब कमी ना. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, बटाटेही वेळ खातात, आणि घरोघरी कुकरशिवाय पान हलत नाही. तुमची आठवीच्या वर्गाला शिकवलेली ओळ मी रोज गॅसपाशी उभी राहून तपासते.

आता चहा. तुम्हाला वाटत असेल, दार्जिलिंगला टपरीवरही दार्जिलिंगचाच चहा असेल. तसं नाही. टपरीवर दूध-साखर घालून उकळतात ती डोंगराखालच्या तराई-दुआर्स भागातली सीटीसी, म्हणजे आपल्याकडची दाणेदार चहापूड. सकाळी थंडीत तीच छान लागते, आणि बाबांची आल्याची तलफ तिथे भागेल. पण मळ्यातलं पान समजून घ्यायचं तर नाथमल्समध्ये बसायला हवं. १९३१ पासूनचं चहाचं दुकान, आणि चौरस्त्यावर त्यांची बसायची जागाही आहे. दूध नको, साखर नको, पाणी ओतून तीनेक मिनिटं झाकायचं आणि लगेच गाळायचं. जास्त ठेवलं की कडू होतो. मार्चची पहिली खुडणी हिरवट, हलकी, फुलाच्या वासाची. मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीत पिकल्या द्राक्षांसारखा सुवास येतो, आणि त्याला थोडं कारण एक किडा आहे. बारीक हिरवे तुडतुडे कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड त्यावर स्वतःच्या बचावाची द्रव्यं तयार करतं, तीच पुढे कपात सुवास होऊन येतात. तुम्ही याल तेव्हा शरदातली खुडणी बाजारात असेल. तांबूस, गोलसर चवीची. नवख्या जिभेला ती सगळ्यात लवकर रुचते असं माझं मत.

दुकानात डबा उघडून देतात तेव्हा नुसतं नाक जवळ नेऊ नका. चिमूटभर पानं मुठीत घ्या, त्यांवर तोंडाची गरम वाफ सोडा आणि मग हुंगा. सुकं पान जागं होतं. घेताना मळ्याचं नाव आणि खुडणीचा हंगाम विचारून घ्या. भारतात भौगोलिक मानांकन मिळवणारा पहिला माल हाच चहा, २००४ सालचं. ८७ मळ्यांच्या पानालाच ते नाव लावता येतं. सुट्या पाकिटावर नुसतं 'दार्जिलिंग' लिहिलेलं दिसलं तर घेऊ नका. हॅपी व्हॅलीचा मळा गावाला लागूनच आहे, १८५४ सालचा. तिथे टॅक्सीने जाऊ, उतार फार आहे. उतारावर खुडणाऱ्या बायकांकडे मात्र थांबून बघायचंय मला तुमच्याबरोबर. डोक्याला पट्टा लावून पाठीवर टोपली, आणि दोन पानं एक कळी एवढंच बोटात घेऊन पुढे. आई, तू निवडलेली मेथी आठवते मला त्या हातांकडे बघून.

तोंग्बाचं सांगू का नको असं चाललं होतं, पण सांगतेच. बाबांची आंबील जिची होते तीच नाचणी, शिजवून मार्चा नावाचं विरजण लावून आंबवतात. लाकडी किंवा बांबूच्या उभ्या भांड्यात ती काठोकाठ भरतात, वरून कढत पाणी ओततात, थोडं थांबतात आणि बांबूच्या नळीने ओढून पितात. नळीचं टोक बंद असतं, बाजूला बारीक चिरा, म्हणजे दाणे तोंडात येत नाहीत. पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. चव आंबटगोड, नशा सावकाश चढणारी. बाबांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, पण समोर ठेवलेलं भांडं बघायला काय हरकत आहे?

आणि सगळ्यात मोठं कारण, दिवाळी. इथे तिला तिहार म्हणतात. कावळ्याची, कुत्र्याची, गाईची पूजा होते, आणि आपल्या भाऊबीजेला यांची भाईटीका. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुली भैलो गात दारोदार येतात, दुसऱ्या दिवशी मुलगे देउसी गातात. त्यांना द्यायला घरोघरी सेलरोटी तळतात. तांदूळ रात्रभर भिजवून वाटतात. आई, तुझ्या अनारशांसारखे तीन दिवस नाही, एकच रात्र पुरते. त्यात तूप, साखर, वेलची, कुणी केळं घालतं. शेजारच्या काकू पीठ मुठीत घेऊन तेलावर हात गोल फिरवतात आणि मुठीतून धार सोडतात. अखंड कडं जमतं. लगेच काडीने उलटायचं. कडा कुरकुरीत, आत मऊ, आणि सोबत झणझणीत आलुदम. काकूंनी तुला सकाळी लवकर बोलावलंय. त्यांना मराठी येत नाही, तुला नेपाळी येत नाही, पण दोघींचं हिंदी सारखंच आहे, भागेल.

बाजारातला चुरपी मात्र बाबांनी हातात घेऊ नये. कडक चुरपी म्हणजे दुधाचा दगडासारखा वाळवलेला तुकडा, तास-तास गालात ठेवून चघळतात. कवळीचं काही खरं नाही. मऊ चुरपी मिळतो, त्याची मी भाजी करीन.

तेव्हा दशम्या नकोत. फराळ मात्र भरपूर आणा, पण आपल्यासाठी नाही. काकूंसाठी, शाळेतल्या दोन बाईंसाठी आणि खालच्या दुकानदारांसाठी. चकल्या नीट बांधा, बागडोगऱ्याहून वर यायला तीनेक तास लागतात आणि रस्ता वळणावळणाचा आहे. आईने गाडीत पुढे बसावं, निघण्याआधी उलटीची गोळी घ्यावी. माझ्यासाठी गोडा मसाला, घरचा, अर्धा किलो. बाबांच्या बुटांचे तळवे घासले असतील तर नवे घ्या, सकाळी इथले उतार दवाने निसरडे होतात. साखर तपासायचं यंत्र आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नको.

टॅक्सी मी सांगून ठेवली आहे. विमानातून उतरलात की फोन करा.

तुमची,
सुमा